दहा तोळ्यांपासून दोन माशांपर्यंत : तबकडीयंत्राची कथा

श्रोते हो, एका खेड्यातल्या शाळेच्या गुरुजींनी मला मागे एक प्रश्न विचारला होता. त्यांच्या शाळेला गावातल्या एका जुन्या घराने पत्र्याची ट्रंक भेट दिली. ट्रंकेत गाण्याच्या चाळीसेक तबकड्या निघाल्या. बहुतेक लाखेच्या, जड, पडल्या तर काचेसारख्या फुटणाऱ्या. आणि आठ-दहा त्यांच्याहून मोठ्या, लवचीक, ज्यांना आपण लाँगप्ले म्हणतो. तबकड्यांबरोबर एक विजेवर चालणारे जुने यंत्रही मिळाले होते. ते चालत होते, पण गाण्यापेक्षा त्याची घरघर मोठी. गावकऱ्यांनी थोडी वर्गणी जमवली आणि गुरुजींनी विचारले, ‘‘पैसा बेताचा आहे. याहून बरे यंत्र कोणते घ्यावे, आणि घेतल्यावर ते लावावे कसे?’’

याचे उत्तर एखाद्या यंत्राचे नाव सांगून देता आले असते. पण नावे बदलतात, किमती बदलतात, दुकानदार नवे नवे नमुने दाखवतात. तेव्हा मी त्यांना म्हटले, आधी या यंत्राचा इतिहास ऐका. पैसे कुठे खर्चायचे आणि कुठे नाही, हे इतिहासच आपल्याला सांगेल. तीच हकीकत आज तुम्हांलाही सांगतो.

१८७७ साली अमेरिकेत एडिसन यांनी फोनोग्राफ तयार केला. फिरत्या नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळायचा, कर्ण्यात बोलायचे आणि आवाजाच्या कंपाने थरथरणाऱ्या सुईने त्या पत्र्यावर खळगे उमटवायचे. सुई त्या खळग्यांवरून पुन्हा फिरवली की बोलणे परत ऐकू येई. चमत्कारच तो! पण एका नळकांड्याच्या शेकडो नकला काढणे अवघड होते. दहा वर्षांनी, १८८७ साली, जर्मनीहून अमेरिकेत जाऊन राहिलेले एमिल बर्लिनर यांनी नळकांडे सोडून चपटी तबकडी घेतली. आवाजाची खूण त्यांनी खालीवर न खोदता डावी-उजवीकडे नागमोडी खोदली. चपट्या तबकडीचा मोठा फायदा असा की, एकदा धातूचा ठसा तयार झाला की भाकऱ्या थापाव्यात तशा तबकड्या दाबून काढता येतात. या यंत्राचे नाव ग्रामोफोन.

पहिले ग्रामोफोन हाताने फिरवावे लागत. फिरवणाऱ्याचा हात थकला की गवयाचा सूर खाली येई. १८९६ साली एल्ड्रिज जॉन्सन यांनी त्याला स्प्रिंगची मोटर बसवली. चावी द्यायची आणि तबकडी एकसारखी फिरायची. श्रोते हो, तबकडीयंत्राचे पहिले कर्तव्य इथेच ठरून गेले. थाळी न अडखळता, एका गतीने फिरली पाहिजे. आजच्या भारी किमतीच्या यंत्रापुढेही पहिली कसोटी हीच असते.

आता तबकडी कशाची, ते पहा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचा किडा बसतो. त्या लाखेपासून चपडा लाख होते. आपले सुतार स्पिरिटात विरघळवून लाकडाला पॉलिश करतात ना, तीच. त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून तबकड्या करीत. दगडाची भुकटी का? तर त्या वेळी सुई पोलादाची असे आणि तिचे टोक नेमके खाचेच्या आकाराचे नसे. तबकडीच त्या टोकाला घासून आपल्या खाचेत बसण्याजोगे करी. म्हणजे सहाण आणि चाकूसारखाच व्यवहार. म्हणून तर एक बाजू वाजली की सुई फेकून द्यायची आणि नवी लावायची, असा नियम होता. काही हौशी लोक पोलादाऐवजी बांबूची किंवा निवडुंगाच्या काट्याची सुई वापरीत. आवाज थोडा कमी येई, पण तबकडीला इजा कमी.

तबकडीवर या सुईचा भार किती पडत असेल? सुई, तिच्या डोक्यावरची थरथरणारी पत्र्याची डबी आणि तिला धरणारा पोकळ दांडा मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम. सोनाराच्या भाषेत सांगायचे तर दहा तोळे! त्या यंत्रात वीज नव्हती. सगळा आवाज सुईच्या धक्क्यातूनच काढायचा, म्हणून भार द्यावाच लागे. नांगराच्या रुमण्यावर जोर दिला की फाळ खोल जातो, तसाच हा प्रकार. लाखेची तबकडी कठीण, म्हणून ती हा नांगर सोसत असे. पण तिचीही दर खेपेला थोडी थोडी माती होतच होती.

हे यंत्र आपल्याकडे फार लवकर आले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच बाई आपले नाव इंग्रजीत सांगतात, ते आजही त्या तबकड्यांवर ऐकू येते. तबकड्या दाबून घेण्यासाठी ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिकडच्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची ते कळावे, म्हणून हे नाव सांगणे, असे म्हणतात. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि मग तबकड्यांचा प्रसार झपाट्याने झाला. जो राग मैफलीत तासभर चालायचा, तो तीन-साडेतीन मिनिटांत बसवायची कला आपल्या गवयांनी कमावली. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ, बालगंधर्व यांचे सूर ज्यांनी कधी नाटकगृहाचे तोंड पाहिले नव्हते, अशा गावांतही पोचले, ते या कुत्र्याच्या चित्राच्या आणि इतर छापांच्या तबकड्यांनीच. उलट भास्करबुवा बखल्यांसारखा थोर गवई एकही तबकडी न देता १९२२ साली गेला. त्यांचे गाणे कसे होते, ते आपल्याला आता केवळ ऐकीव गोष्टींवरून समजून घ्यावे लागते. तबकडी असणे आणि नसणे यांत केवढे अंतर आहे, ते यावरून लक्षात यावे.

१९२५ च्या सुमारास मुद्रण विजेच्या सहाय्याने होऊ लागले. कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला आणि हलका आवाजही तबकडीवर उतरू लागला. मिनिटाला ७८ फेरे ही गती त्याच सुमाराला रूढ झाली. त्याआधीच्या तबकड्या ७० पासून ८० च्या पुढेपर्यंत कोणत्याही गतीने मुद्रित झालेल्या असत. याचा परिणाम पहा. एखादी तबकडी ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली असेल आणि आपण ती ७८ वर वाजवली, तर काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो! गवयाची पट्टी बदलते आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून जुन्या तबकड्या असतील तर गती थोडी कमीजास्त करता येणारे यंत्र बरे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडची लाख अमेरिकेला मिळेनाशी झाली आणि दुसऱ्या पदार्थाच्या शोधाला जोर आला. १९४८ साली अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने व्हायनिल नावाच्या प्लॅस्टिकची लाँगप्ले तबकडी आणली. मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणे. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. लाँगप्लेची खाच लाखेच्या तबकडीच्या खाचेच्या सुमारे एकतृतीयांश रुंदीची. एका बाजूवरची खाच उलगडून सरळ केली तर चारपाचशे मीटर लांब भरेल! एवढी बारीक कामगिरी मऊ प्लॅस्टिकवर केलेली. तिच्यावर दहा तोळ्यांचा नांगर चालवला तर काय होईल?

काय होते ते मी स्वतः पाहिले आहे. किंबहुना ते पाप माझ्याच हातून घडले आहे. १९६८ सालचा मे महिना. मी दहा वर्षांचा, मामाच्या गावी सुट्टीला गेलेलो. मामाकडे चावीचा फोनो होता. मुंबईहून मावशी आणि काका आले होते आणि काकांच्या पिशवीत एका गवईबुवांची नवीकोरी लाँगप्ले होती. दुपारी मोठी माणसे आडवी झाली. आम्ही पोरांनी चावी दिली, पोलादी सुई लावली आणि ती तबकडी चढवली. बुवा चिमण्यांसारखे चिवचिवू लागले आणि आम्ही हसून लोळलो. पुन्हा पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला चिवचिवही ऐकू येईना, नुसती खरखर. संध्याकाळी काकांनी तबकडी उन्हात तिरपी धरली. काळ्याभोर तबकडीवर राखाडी पट्टा पडला होता. काका रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘आता हे परत नाही यायचं.’’ ते वाक्य मी विसरलेलो नाही. कापड फाटले तर शिवता येते, भांडे पिचले तर कल्हईवाला सांधून देतो. पण खाचेतून खरवडलेला आवाज कोणालाही परत भरता येत नाही.

म्हणून तर १९४८ नंतरचा तबकडीयंत्राचा सारा इतिहास भार कमी करण्याचा इतिहास आहे. पोलादाच्या सुईऐवजी नीलमणी, आणि मग हिऱ्याचे टोक आले. सुईच्या धक्क्यातून आवाज काढायची गरज संपली. सुईने नुसती सूक्ष्म हालचाल करायची. कार्ट्रिज नावाच्या छोट्या डबीत त्या हालचालीची वीज व्हायची आणि ती वीज प्रवर्धकाने वाढवायची. साध्या कार्ट्रिजमध्ये दाबला की वीज देणारा स्फटिक किंवा सिरॅमिकचा तुकडा असतो. चांगल्या कार्ट्रिजमध्ये तारेच्या वेटोळ्यांजवळ हलणारा इवलासा लोहचुंबक असतो. पहिल्या प्रकाराला पाच-सहा ग्रॅम भार लागे, दुसऱ्याला दीड-दोन पुरतो. दोन ग्रॅम म्हणजे दोन मासे. पूर्वी दहा तोळे, आता दोन मासे! आपण नाजूक तब्येतीला ‘तोळामासा प्रकृती’ म्हणतो. तबकडीची प्रकृती खरोखरीच तशी आहे.

पण भार हलका झाला तशी एक नवी अडचण उभी राहिली. मोटरची थरथर थाळीत, थाळीतून तबकडीत आणि तबकडीतून सुईत येते. १९५८ पासून दोन बाजूंनी वेगवेगळा आवाज देणाऱ्या स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांची सुई आडवी हालचाल वाचते, तशी उभीही वाचते. त्यामुळे मोटरची घरघर जास्तच ऐकू येऊ लागली. या घरघरीवर तीन तोडगे निघाले.

पहिला तोडगा रबरी चाकाचा. मोटर एका रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून तिला फिरवते. इंग्लंडच्या गॅरार्ड कंपनीचे १९५४ चे ‘३०१’ हे यंत्र या पद्धतीचे, आणि कितीतरी आकाशवाणी केंद्रांना साजेल असे दणकट. पण स्वस्तातल्या यंत्रांत हीच पद्धत घरघरते. चाकाचे रबर कडक झाले की विचारूच नका. दुसरा तोडगा पट्ट्याचा. पिठाच्या गिरणीचा पट्टा तुम्ही पाहिला आहे. तसाच बारीक रबरी पट्टा मोटर आणि थाळी यांच्यामध्ये असतो, तो थरथर गिळून टाकतो. १९६१ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी असे एक साधे यंत्र बाजारात आणले. लहानशी मोटर, पट्टा, आणि थाळी व सुईचा दांडा एकाच चौकटीवर बसवून ती चौकट तीन स्प्रिंगांवर टांगलेली. त्याच्याहून महाग आणि भक्कम यंत्रांशी ते बरोबरी करू लागले. स्वस्त असूनही चांगले असू शकते, हा धडा मोलाचा आहे. तिसरा तोडगा जपानचा. १९७० साली मात्सुशिता कंपनीने मधला पट्टाच काढून टाकला आणि सावकाश फिरणाऱ्या मोटरच्या आसावरच थाळी बसवली. त्यांचे टेक्निक्स ‘एसएल-१२००’ हे यंत्र १९७२ साली आले.

पुढे कॅसेट आली, १९८२ साली सीडी आली, आणि तबकडीचे दिवस भरले असे सगळ्यांना वाटले. टेक्निक्सने २०१० साली ते यंत्र बंदही केले. पण मौज अशी की लोक तबकडीकडे पुन्हा वळले आणि २०१६ साली तेच नाव घेऊन नवे यंत्र परत आले. आज बाजारात पुन्हा नवी यंत्रे मिळतात, जुनीही मिळतात. फसण्याची जागाही पुन्हा तयार झाली आहे.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. बेताच्या पैशात काय घ्यावे?

पहिली गोष्ट, गोजिरवाण्या पेटीयंत्राच्या मोहात पडू नका. लहान सुटकेसमध्ये थाळी, सुई आणि कर्णे सगळे एकत्र बसवलेले, रंगीत, स्वस्त. बहुतेक अशा यंत्रांत सिरॅमिकचे कार्ट्रिज असते, सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास असतो आणि तो कमी करायची सोय नसते. शिवाय ज्या पेटीत कर्णे धडधडतात तिच्यावरच सुई चालायची, म्हणजे पाळण्याच्या दांडीवर बसून सुईत दोरा ओवण्यासारखे. एकदा ऐकायला ठीक. पण गावाच्या ठेव्यासाठी ते नव्हे.

दुसरी गोष्ट, यंत्र पाहायला गेलात की दांड्याच्या मागे फिरवता येणारे वजन आहे का ते आधी पहा. असेल तर भार तुमच्या हातात राहतो. कार्ट्रिज बदलता येते का, सुई ओढून काढून दुसरी बसवता येते का, हे विचारा. थाळी हाताने फिरवा. ती जड असावी आणि आवाज न करता बराच वेळ फिरत राहावी. दांडा दोन बोटांत धरून अगदी हलके हलवा. सांध्यात खडखड लागली तर ते यंत्र सोडून द्या. लाखेच्या तबकड्या असतील तर ७८ ची गती हवीच.

तिसरी गोष्ट, सुईची. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तिला एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट त्रिज्येचे टोक लागते. लाँगप्लेला एक भाग किंवा त्याहूनही कमी. लाँगप्लेची सुई रुंद खाचेत टाकली तर ती तळाशी लोळते आणि तळातला कचराच वाचते. यंत्रावर ७८ चे बटन आहे म्हणून सुईही ७८ ची आहे, असे मुळीच समजू नका. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीच्या व्हीएम९५ मालिकेसारखी काही कार्ट्रिजे अशी आहेत की डबी तीच ठेवून लाँगप्लेची आणि ७८ ची अशा दोन सुया आलटून पालटून बसवता येतात. शाळेला ही सोय फार बरी. मात्र सुई बदलली की भारही त्या सुईच्या कागदावर सांगितलेला ठेवायचा.

चौथी गोष्ट, फोनो प्रवर्धक. तबकडी खोदताना खर्जातले सूर मुद्दाम कमी आणि टिपेचे सूर मुद्दाम जास्त करून खोदतात, म्हणजे खाच आटोपशीर राहते आणि खरखर दबते. वाजवताना याच्या उलट करावे लागते. हे प्रमाण १९५४ च्या सुमारास सर्वांनी मिळून ठरवले. हे उलटे काम फोनो प्रवर्धक करतो. तो मध्ये न घालता तारा थेट शाळेच्या लाउडस्पीकरच्या यंत्रात खुपसल्या, तर आवाज चिरका आणि पोकळ येतो. काही यंत्रांत तो आतच असतो; तेव्हा विचारून घ्या, दोनदा पैसे भरू नका.

मग वर्गणीची वाटणी कशी करावी? जुन्या हिशेबाने सोळा आण्यांचा रुपया धरा. आठ आणे यंत्राला, चार आणे कार्ट्रिज आणि सुयांना, तीन आणे फोनो प्रवर्धकाला आणि एक आणा ब्रश, पाकिटे, पट्टा यांना. हा माझा अंदाज आहे, वेदवाक्य नव्हे. पण सगळे सोळा आणे चकचकीत यंत्राला घालून सुईला काही न ठेवणे, ही चूक मी पुष्कळांना करताना पाहिले आहे. जुने यंत्र घेतलेत तर त्याची सुई झिजलेली आहे असे धरूनच चाला. आधी नवी सुई, मग गाणे. हिऱ्याची सुईसुद्धा काही शे तासांनी झिजते, आणि झिजलेली सुई चाकूसारखी कापते.

यंत्र घरी आले की खरे काम सुरू होते, आणि या कामाला पैसा लागत नाही, फक्त सबुरी लागते. यंत्र लाकडी तक्तपोशीवर ठेवू नका. पोरे धावली की सुई उडते. भिंतीत पक्की ठोकलेली फळी उत्तम. गवंड्याची पाणसळ थाळीवर उभी-आडवी ठेवून यंत्र समपातळीत आणा. कर्णे त्याच फळीवर ठेवू नका.

मग भार. सुईचे झाकण काढा, बाजूच्या ओढीची कळ शून्यावर ठेवा, आणि दांडा तराजूच्या दांडीसारखा अधांतरी समतोल राहीपर्यंत मागचे वजन फिरवा. तो समतोल म्हणजे शून्य. तिथून कार्ट्रिजच्या कागदावर जेवढे ग्रॅम लिहिले असतील तेवढे द्या. खात्री हवी तर सोनाराकडच्यासारखा छोटा काटा मिळतो. मात्र त्याचे पारडे लोखंडी नसावे, नाहीतर कार्ट्रिजचा चुंबक त्याला ओढतो आणि वजन खोटे दिसते. आणि एक ध्यानात ठेवा : भार कमी तितका चांगला, असेही नाही. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती ठेचते. सांगितला आहे तेवढाच द्यावा.

मग कोन. गुरुजी मंडळी, हा भाग तुमच्या भूमितीच्या तासाचा आहे. तबकडी खोदणारी सुई त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकते. आपल्या यंत्राचा दांडा मात्र एका टोकाला खिळलेला, म्हणून तो कंस काढतो. सरळ रेषा आणि कंस सगळीकडे जुळायचे कसे? १९२४ साली इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी आणि १९३८ मध्ये स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी या प्रश्नाचे गणित मांडले. दांड्याचे डोके थोडे वाकडे केले आणि सुई मधल्या खुंटीच्या किंचित पलीकडे पोचेल अशी ठेवली, तर तबकडीवर दोन ठिकाणी ती खाचेला अगदी बरोबर जुळते आणि बाकी ठिकाणी चूक थोडकी राहते. त्या दोन जागा दाखवणारा छापील कोनमापक कागद मिळतो. तो थाळीवर ठेवून, कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून, दोन्ही जागी कार्ट्रिज रेघांशी समांतर दिसेल असे बसवायचे आणि स्क्रू आवळायचे. पहिल्या खेपेला तास जाईल. जाऊ द्या.

वाकड्या डोक्यामुळे दांडा सारखा मध्याकडे ओढला जातो. जुवातला एक बैल आत ओढत राहावा तसा. त्याला बाहेरून थोडी ओढ देणारी कळ असते. ती साधारण भाराच्या आकड्याइतकीच ठेवा. भुणभुण ऐकू आली तर यंत्राची जमिनीची बारीक तार प्रवर्धकाच्या खुंटीला जोडायची राहिली आहे का ते पहा.

शेवटी गती. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा लावा आणि घड्याळ घेऊन मुलांना फेरे मोजायला बसवा. लाँगप्लेचे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत, लहान तबकडीचे दोन मिनिटांत ९०, लाखेच्या तबकडीचे एका मिनिटात ७८. यापेक्षा स्वस्त परीक्षा कोणती?

तबकड्यांची निगा थोडक्यात सांगतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका. लाख स्पिरिटात विरघळते, हे सुताराला विचारा. कोरडा मऊ ब्रश पुरे. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून आणि चुलीच्या धगीपासून दूर. आणि चांगली सुई बसवल्यावर पहिले काम हे करा, की प्रत्येक तबकडी एकदा वाजवून तिचा आवाज संगणकात उतरवून ठेवा. मग मुलांना रोज तो ऐकवा, आणि मूळ तबकडीला विश्रांती द्या.

त्या गुरुजींनी शेवटी एक वापरलेले पट्ट्याचे यंत्र घेतले, दोन नव्या सुया घेतल्या आणि दोन रविवार लावून ते बसवले. मी त्यांना विचारले, ट्रंकेतली कोणती तबकडी आधी लावलीत? ते म्हणाले, ‘‘लाखेची एकही नाही. आधी बाजारातून एक फुटकळ तबकडी आणली आणि हात बसेपर्यंत तीच वाजवली. ट्रंकेतली तिसऱ्या रविवारी काढली.’’

श्रोते हो, त्यांना आणखी काही सांगायची गरज मला वाटली नाही.